काचेमागची जर्मन रायफल

आयर्लंडमधल्या ॲथलोनला नोकरीसाठी आलो तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं. शनिवारी गावातल्या छोट्या म्युझियममध्ये जायचो. तिथे काचेमागे पहिल्या महायुद्धाच्या काळातली जर्मन रायफल होती आणि समोरच्या बाकावर नेहमी एक म्हातारा. मधूनच उठून तो बाहीने काच पुसायचा.

एकदा मी विचारलं, "रायफल एवढी आवडते?"

"माझ्या आजोबांची, युद्धातून आणलेली. माझ्यामागे कुणी नाही, म्हणून इथे दिली." बोलताना त्याचा अंगठा बोटांवर फिरत होता, तेल चोळल्यासारखा. "दर रविवारी तिला तेल लावायचो. घरात तेवढंच एक काम उरलं होतं."

कागदावर पत्ता लिहून देत मी म्हणालो, "उद्या चार वाजता माझ्याकडे चहाला या."

"ग्रँड," एवढंच तो म्हणाला; इथल्या बोलीत म्हणजे 'चालेल'.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, दोनलाच तो दारात उभा होता.