शेवाळ धरलेली फळी

बायांनो, आज काय झालं ते सांगते.

निजामाची रेल्वे परतूरला येती, पण आमच्या दुधनेला पूल न्हाई. आज सकाळी पूर आल्ता अन् पल्याडची सखू अडली व्हती. तिचा नवरा बापू मला न्यायला पवत आला. मी सुईण, पण मला पवता येत न्हाई. त्यानं घाटावरची, नदी पार करायची फळी ओढली. तिच्या बुडाला दाट शेवाळ.

"खरडायचं का?" म्या विचारलं.

"राहू द्या मावशी, बुळबुळीत हाय, सरकन जाईल. जल्दी करा."

मलाबी पटलं. मी फळीवर पालथी पडले, तो मागून ढकलू लागला. मधोमध गेल्यावर फळी जडावली. शेवाळ पाण्याला धरून बसलं. बापू दमला अन् आम्ही खडकाकडं वाहवत निघालो. मंग म्या कडेनं हात घालून मुठीमुठीनं शेवाळ उपटलं, तवा कुठं फळी सुटली.

सखूला पोरगी झाली. दोघी बऱ्या हायेत.

येताना बापूनं खुरप्यानं फळी साफ खरडली. पूर तोच, पण फळी अशी पळाली की मलाच घट्ट धरावं लागलं.

तुमच्या घाटावरची फळी कधी उलटी करून पाह्यली का? पुरात कुणाला कळा लागतील, सांगता येतं का?