वाळूवर सडा

वाळूवर मी सडा घातला होता. शेणाचा. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मी हे अगदी गंभीरपणे केलं होतं.

ऊर्जानगरच्या आमच्या क्वार्टरजवळच्या कॉलेजात मुलींचं बीच व्हॉलीबॉल नव्यानं सुरू होणार होतं. समुद्र इथून किती लांब, ते विचारू नका. नदीची वाळू आणून मैदान केलं होतं. फुकट शिकवणारं कोणी मिळेना, तेव्हा तिथल्या खेळाच्या सरांना कुणीतरी सांगितलं, की या आजी लग्नाआधी व्हॉलीबॉल खेळायच्या. सर विचारायला आले. मी "बघते" म्हणाले, आणि ते फाटकाबाहेर पडायच्या आत नातवाचे बूट पायात घालून पाहिले.

खेळायच्या म्हणजे काय, आपल्यासारखा स्मॅश अख्ख्या जिल्ह्यात कोणाचा नाही, असं तेव्हाच्या मला, त्या दोन वेण्यांच्या शहाणीला, वाटायचं. लग्न झालं. खेळू नको असं सासरी कोणी म्हटलं नाही. ही बयाच 'खेळ' म्हणून कोणी आग्रह करील याची वाट बघत बसली. आग्रह कसला! पोरं झाली, नातवंडं झाली. दोरीवर कपडे वाळत घालताना तेवढ्या टाचा आपोआप उचलल्या जायच्या, आणि हात दोरीच्या वर जाऊन रिकामाच खाली यायचा.

तर रविवारी मी एकटीच मैदान बघायला गेले. वाळू अशी भुसभुशीत, की पाय घोट्यापर्यंत आत. म्हटलं, यावर उडी कशी मारणार? आमच्या गावी सामन्याआधी मैदान खळ्यासारखं करायचो: पाणी मारून, जड लाकडी धुम्मसानं चोपून, वर शेणाचा सडा. कॉलेजच्या चौकीदाराला कामाला लावलं. संध्याकाळपर्यंत वाळू अशी घट्ट, की वर धान झोडपून घ्यावं. घरी येताना मी चक्क गुणगुणत होते.

सोमवारी पोरी अनवाणी आल्या, नाक दाबून. पहिल्याच बॉलवर एकीनं सूर मारला आणि कोपर सोलून घेऊन उठली.

सरांनी कपाळाला हात लावला. "बाई, काऊन चोपली? वाळू मऊच पायजे. पोरी पडतेत ना तिच्यात!"

"पडतेत? आमच्या टायमाले पडणारीले बाहेर बसवत."

"इथी पडल्याबिगर खेळच होत नाई, बाई."

पोरी खिदळत होत्या. फावडी आली. सगळ्यांनी मिळून माझं खळं उकरलं. मीही उकरलं, मान खाली घालून. मैदानात एकदाही पडले नाही, ही माझी जन्माची फुशारकी त्या वाळूबरोबर उलटीपालटी होत होती. हा खेळ आपला नाही, असं सरांना सांगून टाकलं आणि पिशवी उचलली.

पण पाय निघेना. बॉलवर तळवा पडल्याचा तो आवाज इतक्या वर्षांनी, इतक्या जवळून ऐकत होते.

या खेळात एका बाजूला दोघीच. जोड्या लागल्या, आणि भामरागडकडची, होस्टेलात राहणारी एक पोरगी उरली. ती बॉल काखेत धरून माझ्यापाशी आली.

"आजी, जाऊन राह्यली का? माह्या बाजूनं कोणीच नाई. तू नेटपाशी नुसती उभी राय. पडाचं मी पाहून घेतो."