उलट्या वायरीचा उजेड

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी पारावरून उठवून लावलेलं आहे, पिंपळगाव रेणुकाईत कोणालाही विचारा. मसणवट्याच्या कडंचं वावर तीस वर्षं मीच भिजवलं, कधी काही दिसलं न्हाई. शिक्षण चौथीपर्यंत, पण विहिरीवरच्या मोटारीच्या वायरीला मी दुसऱ्याला हात लावू देत न्हाई.

साल दोन हजार पाचच्या आगेमागे. माझी बायको, म्हंजे दत्ताची माय, चार दिवसांच्या तापात गेली. तेराव्याला पाटावर ठेवायला, हार घालायला फोटो पाहिजे... आणि घरात तिचा फोटोच न्हाई. मतदान कार्डावरचा तर असा काळा, की बाई का बाप्या कळंना.

मंग दत्ता, पुण्याला नोकरीला असलेला माझा पोरगा, म्हणाला, दिवाळीला त्यानं मायचा एक फोटो काढल्ता, डिजिटल कॅमेऱ्यात आहे. पण कॅमेऱ्याची बॅटरी उतरलेली आणि अडॅप्टर पुण्याला राहिलेला. उद्या जालन्याला स्टुडिओत नेऊ, तवर दुसरा कोणताच अडॅप्टर लावू नका, असं मला बजावून तो भोकरदनला किराणा आणायला गेला.

मला बजावतो! आणि मला तिचं तोंड तवाच पाहायचं होतं.

दुपारचे दोन. लाइट नुकतीच आल्ती. टेपरेकॉर्डरचा अडॅप्टर काढला, त्याची पिन कॅमेऱ्यात बसंना. एका जुन्या वायरीची बारीक पिन कापली, वायरी सोलून पीळ दिला, वर चिकटपट्टी. कोणती वायर कोणाला, हे पाहिलं न्हाई. विहिरीवरच्या मोटारीला वायर उलटी लागली तर मोटार उलटी फिरती, अदलाबदल केली की बराबर. ह्याचंबी तसंच असंल, म्हणलं.

बटण दाबलं. पडदा उजळला. दत्तानं दाखवल्तं ते फोटो पाहायचं त्रिकोणाचं बटण दाबलं... आणि ती होती. ओसरीवर बसलेली, हिरवं लुगडं, पदर मागं सरकलेला, हात मांडीवर. बराबर माझ्याकडं पाहून राह्यली होती. कपातला चहा निवंल एवढा वेळ मी पाहिलं. मंग जळका वास आला, पडदा काळा.

संध्याकाळी दत्तानं कॅमेरा हुंगला आणि पिशवीत घातला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी नवीन जालन्यात स्टुडिओवाल्यानं माझ्या वायरीला मीटर लावला.

"बाबा, हे कोणी जोडलं?"

"मी."

"प्लस-मायनस उलटं झालंय, व्होल्टबी तिप्पट. ह्यानं कॅमेरा जळतो बाबा, चालू होत न्हाई. एक सेकंदबी न्हाई."

"झाल्ता. मी फोटो पाहिला."

तो दत्ताकडं पाहून हसला. मंग कॅमेऱ्यातलं कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं. कार्ड तेवढं वाचलं होतं.

तिचा एकच फोटो निघाला. तीच ओसरी, तेच हिरवं लुगडं. पण कडेला माझे थोरले भाऊ उभे, आणि हिनं पदर हनुवटीपर्यंत ओढून हातानं धरलेला. तोंड दिसतच न्हाई.

दत्ता हळूच म्हणाला, "माझ्याबी ध्यानात न्हवतं. तुम्हीच म्हणलं होतं, बाबा. आण्णा उभे हायेत, पदर घे म्हणून."

म्हणलं होतं. थोरल्या दिरासमोर बाईनं तोंड झाकायचं, हा आमच्या घरचा रिवाज, आणि त्याचा मला मोठा तोरा. स्टुडिओवाल्यानं पुसलेले फोटोसुद्धा शोधून पाहिले. दुसरा न्हाई.

तेराव्याला पाटावर तोच फोटो ठेवला. हार पदराला घातला.

लोक म्हणतात, दुःखात भास होतो. मीबी तसंच म्हणलो असतो... पण पडद्यावर मी तिच्या डाव्या डोळ्यात पांढरा ठिपका पाहिल्ता. तेराव्यानंतर दत्ताला सांगितलं, तर तो माझ्याकडं पाहतच राह्यला. म्हणाला, दिवाळीत त्यानं तिला भोकरदनला डोळ्याच्या डॉक्टरला दाखवल्तं. डाव्या डोळ्यात तसाच पांढरा ठिपका पडून दिसणं बंद होऊन वर्ष झाल्तं. तुम्हाला सांगायचं न्हाई, अशी तिनं शपथ घातल्ती.

चाळीस वर्षं माझ्यासमोर ताट वाढलं तिनं. तो डोळा मी ती जिती असताना कधी पाहिला न्हाई. मंग त्या दुपारी मला तो कोणी दाखवला, हे अजून कळलेलं न्हाई.