व्याह्यांनी टाकलेलं लिनक्स

२०२३ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. शाळा चौथीपर्यंत, तीही परीक्षेला न बसता. पण लिनक्स या विषयात माझ्याशी कोणी वाद घालायला आला, तर तो चहा अर्धा टाकून उठला नाही असं झालेलं नाही.

रावेरजवळ माझा भुईकाटा आहे. केळीची गाडी आधी रिकामी येते, मग भरून येते, दोन्ही वेळा काट्यावर उभी राहते आणि कॉम्प्युटरमधून वजनाची पावती निघते. हाताने लिहिलेली पावती व्यापारी घेत नाही. म्हणतो, हाताला भूक असते, मशीनला नसते. मुलगा केळीच्या गाड्यांबरोबर दिल्लीकडे, घरात कमी आणि ढाब्यावर जास्त. त्यामुळे कॉम्प्युटर चालवते ती सून. धुळ्याची पोर, कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेली. आमच्या मशीनला सारखा व्हायरस लागायचा, म्हणून एक दिवस तिने सगळं पुसून विंडोजच्या जागी लिनक्स टाकलं आणि काट्याचा प्रोग्रामही स्वतः जुळवला. मी विचारलं, "केवढ्याला?" ती म्हणाली, "फुकट, आबा." फुकट म्हटल्यावर मी महिनाभर त्याच्याकडे संशयाने बघत होतो. पुढे तीन वर्षं बिनबोभाट चाललं, तेव्हा कुठे मी त्याला आपलं म्हटलं.

लिनक्स एक नसतं. कपाशीच्या बियाण्यासारखे त्याचे वाण असतात. कोणाचा दर सहा महिन्यांनी नवा अवतार, कोणी वर्षानुवर्षं कूस बदलत नाही. नावं घेत नाही, कारण प्रत्येकाचे भक्त आहेत आणि ते तापट असतात. आमचा वाण जुना, सावकाश. त्यात एकच दोष होता. चाळीसेक पावत्या झाल्या की प्रिंटर रुसायचा. बंद करून चालू केला की पुन्हा बोलायचा. अशा दोषाला बग म्हणतात. तो बग मला तोंडपाठ होता.

हे सांगायचं कारण म्हणजे आखाजी, तुमची अक्षय तृतीया. आमच्या खान्देशात आखाजीला लेक माहेरी जाते, निंबाला झोका बांधतात, बायका गाणी म्हणतात. आणि नेमका तोच केळीच्या गाड्यांचा हंगाम. त्यापायी सुनेची लागोपाठ दोन वर्षं आखाजी काट्यावर गेली. दुसऱ्या वर्षी त्या दिवशी ती पावत्या जरा जोरात फाडत होती. तेव्हा मी शब्द दिला, पुढच्या वर्षी तू जाणार म्हणजे जाणार, काटा मी एकटा चालवीन. त्यासाठी तिने मला चार बटणं शिकवली. त्या चार बटणांवर माझा भरवसा होता, फक्त मशीनमध्ये काही बदलायला नको.

तिला न्यायला तिचे वडील आले. आम्ही त्यांना नाना म्हणतो. निवृत्त वीज मिस्त्री. लिनक्स त्यांनाही लेकीनेच शिकवलेलं, म्हणजे दोघांची गुरू एकच, पण नानांचा पंथ वेगळा. त्यांना रोज नवं लागतं. धुळ्याहून फोन आला की लेकीची खुशाली नंतर, आधी मला विचारायचे, "आबा, अपडेट कई का?" म्हणजे अपडेट केलं का.

त्या दिवशी सकाळी आले, पाणी प्यायले आणि काट्याच्या खोलीत शिरले. सून घरात बॅग भरत होती. दुपारच्या गाडीने दोघं निघणार होते.

"आबा, तुम्हनी मशीन म्हातारी व्हयी गयी," नाना म्हणाले.

"म्हातारी असेल, पण पडत नाही."

"नव्यामा बठ्ठं शे. रोज दुरुस्ती येस." बठ्ठं म्हणजे सगळं.

"ज्याला रोज दुरुस्ती लागते त्याला आम्ही आजारी म्हणतो."

"म्हंजे तुम्हना जुन्यामा बग नहीत?"

"एक आहे. मारका बैल कोणता हे माहीत असलं की माणूस त्या बाजूने जात नाही. तुमच्या गोठ्यात रोज नवे बैल, आणि कोण मारेल ते शिंग लागल्यावर कळतं."

नाना हसले, पण लागलं त्यांना. मी आणखी सांगितलं की नवा वाण आला तर शेतकरी आधी चार ओळी लावून बघतो, अख्खं शेत देत नाही. यावर ते म्हणाले, बठ्ठे शेतकरी चारच ओळी लावत बसले असते तर नवं काही आलंच नसतं. मी चहा मागवला.

चहा पिता पिता त्यांनी विचारलं, "टाकी दू का नवं? पेन ड्राइव्ह खिसामा शे."

आता व्याही दारात आलेला. लेकीचा बाप. त्याला तोंडावर नाही म्हणायचं नसतं, ही आमची रीत. मी म्हणालो, "तुमचंच घर आहे, करा."

याचा अर्थ नको असा होतो. एवढं लहान पोरालाही कळतं. पण नाना उठले आणि खुर्चीवर बसले. काट्याच्या जुन्या नोंदी आणि सुनेचा प्रोग्राम त्यांनी दुसऱ्या पेन ड्राइव्हवर काढून घेतला, आणि तासाभरात माझं तीन वर्षांचं लिनक्स पुसलं गेलं. मी शेजारी बसून पंखा त्यांच्याकडे वळवत होतो. पाहुण्याला उकडायला नको.

नवं सुरू झालं. रंग छान, अक्षरं मोठी. प्रोग्राम उघडला. बाहेर भरलेली गाडी काट्यावर चढली. काट्याच्या डब्यावर लाल आकडा आला, पण कॉम्प्युटरवर शून्य. नानांनी केबल काढून लावली. शून्य. मी माझी चारही बटणं दाबली. शून्य. मागे आणखी तीन गाड्या येऊन लागल्या.

"आबा, केळं पिकून राह्यलं गाडीत!" ड्रायव्हर ओरडला.

"हिरवं भरलंय ना? मग चार तासांत काय पिकतं?"

"चार तास?" तो टायरवर पाय देऊन उभाच राहिला.

ओरडा ऐकून सून आली. नवी साडी, हातात बॅग. स्क्रीनकडे बघितलं, मग आम्हा दोघांकडे.

"कोणी केलं?"

नाना पंख्याकडे बघायला लागले. मी नानांकडे.

तिने बॅग खाली ठेवली आणि मोबाइलवर शोधायला बसली. दुपारची गाडी गेली. ड्रायव्हर लोकांना मी शेवभाजी खाऊ घातली, तिखट जास्त टाकायला सांगितलं, म्हणजे त्यांचं तोंड दुसऱ्या कामाला लागेल. दोन तासांनी ती म्हणाली, "सापडलं. अंध लोकांना बोटांनी वाचता यावं म्हणून एक यंत्र असतं. या नव्या लिनक्समध्ये त्याच्यासाठीचा प्रोग्राम आधीपासून बसवलेला आहे. आपली काट्याची केबल त्याला ते यंत्रच वाटली. त्याने ती धरून ठेवली."

तिने तो प्रोग्राम काढून टाकला. स्क्रीनवर आकडा आला. ड्रायव्हर लोकांनी हॉर्न वाजवले.

"याला बग म्हणतात, नाना," मी म्हणालो.

"बग नही, आबा. आंधळासनी सोय शे. चांगली गोष्ट शे."

"सोय चांगली. पण माझा काटा डोळस आहे."

"पुरे!" सून म्हणाली. तिचा आवाज एवढा मोठा मी पहिल्यांदा ऐकला. "नाना, तुम्हाला हे आजच करायचं होतं?"

नाना खाली मान घालून म्हणाले, "मी सहज इचारं, बाई. माले वाटनं आबा नही म्हनतीन."

"आणि मला वाटलं," मी म्हणालो, "मी करा म्हटल्यावर नाना राहू द्या म्हणतील."

"म्हणजे दोघांनाही करायचं नव्हतं?"

नव्हतं. नानांना घाम फुटला होता तो उन्हाचा नव्हता, हे मला तेव्हा कळलं. बिचारे तासभर देवाचं नाव घेत बटणं दाबत होते.

सून आधी हसली, मग तिने बॅग जवळ ओढली. "मी नाही जात," ती म्हणाली. "उद्या हे पुन्हा अडलं तर आबांची चार बटणं काय करणार?" आणि बॅगेची चेन उघडून साड्या काढायला लागली.

एक साडी निघाली, दुसरी निघाली. तिसरीला मला बघवेना. शब्द मी दिला होता, आणि एकाहत्तर वर्षांत मी कोणाला दिलेला शब्द मशीनवर ढकलला नव्हता.

"ज्याने नवं टाकलं त्याने राखावं," मी म्हणालो. "नाना काट्यावर बसतील. तू जा."

नाना लगेच म्हणाले, "बसस. आखाजी व्हयी जावापर्यंत बसस."

"मग मी एकटी जाते," ती म्हणाली.

"नाही!" आम्ही दोघं एकदम बोललो. त्या दिवसात आमचं एकमत झालं ते एवढंच. एकटी गेली तर विहीणबाई म्हणतील, सासरच्यांनी हाकलून दिली आणि बापालाही ठेवून घेतलं. न्यायला माणूस हवा. माणूस एकच उरला होता. सासरा सुनेची बॅग घेऊन तिला माहेरी पोचवायला निघाला, असं आमच्या गावात कोणी पाहिलं नव्हतं. पारावरच्या मंडळींना महिनाभराचं खाद्य मिळालं. मिळू दे म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी नाना स्क्रीनकडे बघून हळूच म्हणाले, "आबा, एक ल्हान अपडेट ऊनी शे. दोन मिनिटनं काम." मी चहा संपवला. ते तोंड धुवायला गेले तेव्हा ज्यातून ही अपडेटं येतात तो इंटरनेटचा डबा भिंतीवरून वायरीसकट काढला, माझ्या पिशवीत धोतराखाली दाबला, आणि सुनेला पुढे घालून धुळ्याची गाडी धरली.