रहिमाबीची धार

युसूफवडगावच्या बाजारात माझं शिलाईचं दुकान आणि चाँदभाईचं धार लावायचं दुकान, दोन्हींच्या मध्ये फक्त एक पत्रा आहे. पत्र्यातून सगळं ऐकू येतं. म्हणून गावाला जे ठाऊक नव्हतं, ते मला दोन वर्षं ठाऊक होतं. चाँदभाईचे हात थरथरायला लागल्यापासून धार लावत होती ती त्याची बायको, रहिमाबी. चाँदभाई पुढे बसून कात्र्या-विळ्या घ्यायचा, "संध्याकाळी न्या" म्हणायचा आणि हळूच पडद्यामागे सरकवायचा. संध्याकाळी लोक त्याच्या हाताचं कौतुक करून जायचे आणि आत रहिमाबी धुमसत बसायची. मी गप्प. लोकांच्या संसारात नाक कशाला खुपसा, असं मी स्वतःला सांगायचो. खरं सांगायचं तर मी भित्रा माणूस आहे.

माघातल्या एका दुपारी बद्रीनाथ आला. त्याच्या हातात कलमं करायचा घडीचा चाकू होता, वारलेल्या वडिलांचा. पातं मुठीत रुतून बसलं होतं.

"चाँदभाई, उघडंना गेलाय. उद्या सीताफळाची कलमं बांधायची हायेत. आन मी हितंच थांबतो. आबाचा चाकू हाय, नजरेआड करणार न्हाई."

चाँदभाईने हात मांडीखाली सारले. "आज न्हाई जमायचं," तो म्हणाला. तेवढ्यात पडदा सरकवून रहिमाबी बाहेर आली आणि पोत्यावर बसली.

"आना हिकडं. मी करते."

बद्रीनाथ चाकू सोडेना. "भाभी, ही विळी न्हाई. ह्याला एकाच अंगानं धार असती."

"ठावं हाय. एक अंग सपाट, दुसऱ्याला उतार. दोन्हीकडून घासला की कामातून गेला."

आता त्याला चाकू द्यावाच लागला. रहिमाबीने सांधा नाकाशी नेला.

"ह्यात हळद कावून हाय?"

बद्रीनाथ ओशाळला. वडील गेल्यापासून त्याची आई, छबुबाई, दर खंडेनवमीला चाकूची पूजा करायची. हळदकुंकू गोडेतेलात कालवून मिटलेल्या चाकूला माखायचं आणि तसाच देवघरात ठेवायचा. नऊ वर्षांची माया सांध्यात झिरपून वाळली होती. मला पत्र्याआडून हसू फुटलं.

"टेलर, हसू नका," रहिमाबी कडाडली. "मशीनचं तेल आना."

मी निमूटपणे कुपी घेऊन गेलो आणि तिथेच उभा राहिलो. तिने वाटीत डिझेल घेतलं आणि चाकूचा सांधा त्यात बुडवून ठेवला. चहा झाला. बद्रीनाथची चुळबुळ सुरू झाली.

"पक्कड लावू का जरा?"

"पिन वाकंल. बसा."

मग तिने पात्याला फडकं गुंडाळलं आणि तसूतसूने हलवत ते उघडलं. बांबूच्या चोयीने, मग जुन्या दातांच्या ब्रशने मुठीच्या खाचेतला पिवळा गाळ काढला. सगळं कोरडं पुसून सांध्यात माझ्या तेलाचा एकच थेंब सोडला. पातं आता बोटाने उघडत होतं, मिटत होतं.

"आता यंत्रावर धरा की, दोन मिंटाचं काम," बद्रीनाथ म्हणाला.

"तापलं की पात्याचं पानी उतरतं, लोखंड मऊ पडतं."

तिने दगड भिजवला. उताराचं अंग त्यावर टेकवलं आणि एकाच कोनात पुढे ढकलत राहिली. घाई नाही, थांबणं नाही. आजूबाजूची चार माणसं बघायला जमली, तरी तिने मान वर केली नाही. कडेवर घासलेल्या लोखंडाची बारीक तार आली, तेव्हा सपाट अंग दगडावर एकदाच फिरवलं आणि चामड्याच्या पट्ट्यावर पातं पुसलं.

बद्रीनाथने ओल्या फडक्यातून सीताफळाची एक काडी काढली आणि तिच्या टोकाला पाचर छाटली. काप सपाट आला. तो खुलला आणि वळला थेट चाँदभाईकडे.

"चाँदभाई, शिकवावं तर तुमी!"

रहिमाबीने हात पुढे केला. "चाकू द्या."

काही राहिलं असेल असं वाटून त्याने दिला. तिने तो मिटला आणि मुठीत धरला.

"दोन सालापासून ह्या बाजारातली धार मी लावते. तुमच्या घरच्या विळ्या बी मीच लावल्या. ह्यांचे हात कापतेत."

सगळे चाँदभाईकडे बघायला लागले. अखेर मीच म्हणालो, "खरं हाय. मी रोज ऐकतो." दोन वर्षांनी का होईना, तोंड उघडलं. चाँदभाईने मांडीखालचे हात काढले आणि सगळ्यांसमोर धरले. ते थरथरत होते. त्याने ते तसेच राहू दिले.

"आईला सांगा," रहिमाबी बद्रीनाथला म्हणाली, "पूजा करा, पर पातं उघडून. आन दुसऱ्या दिवशी समदं पुसून काढा."

बद्रीनाथने मान हलवली आणि चाकूसाठी हात पसरला. रहिमाबीची मूठ उघडली नाही. तो चाँदभाईकडे बघायला वळला, मध्येच थांबला आणि परत तिच्याकडे वळला.

"भाभी," तो म्हणाला, "तुमचा हात लई सफाईचा हाय."

तेव्हा तिने मूठ उघडली.