डॉक्टरांची दृष्ट काढली तेव्हा

माझी बायको गेली त्याच्या आदल्या सांजेला आम्ही दोघं ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होतो. दाणे थोडे, टरफलं जास्त, म्हणून मी कुरकुरत होतो. तिला मधेच कवठे येमाईचा कॅम्प आठवला. "डागदर कसं गुमान बसलं व्हतं वो," म्हणाली आणि हसली. त्यानंतर तिचं हसणं मी ऐकलं नाही. म्हणून तेच सांगतो.

सत्तर सालानंतरची गोष्ट. दौंडच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी अटेंडंट. शिक्षण चौथी, काम ड्रॉप्स घालायचं. ड्रॉप्स घातले की डोळ्याची बाहुली मोठी होते आणि डॉक्टरला आतला पडदा दिसतो. पडदा म्हणजे डोळ्याचं मागचं अस्तर. पुढचं भिंग गढूळ झालं तर तो मोतीबिंदू, तो काढता येतो. पडदा सुटला तर मात्र डोळा जातो.

कवठे येमाईच्या शाळेत आमचा डोळे तपासणीचा कॅम्प लागला होता. पुण्याहून डॉक्टरसाहेब तिथं रिसर्चला आले होते. एका डोळ्यात मोतीबिंदू झालेल्या माणसाचा दुसरा डोळा कसा राहतो, हे त्यांना बघायचं होतं. म्हणजे दोन्ही डोळे तपासायला हवेत. घोडं तिथंच अडलं. माणसं दुखरा डोळा पुढं करायची आणि चांगल्यावर हात धरायची. चांगल्या डोळ्यात कुणी टक लावून बघितलं तर दृष्ट लागणार. साहेब तर डोक्याला दिवा बांधून बघायचे.

कांदा पिकवणारा किसनआबा सगळ्यांत अडेल. त्याचा एक डोळा मोतीबिंदू पिकून पार वाया गेलेला.

"आबा, हात काढा," मी म्हणालो.

"बिघडलाय त्यो बघा की. चांगल्याशी तुमचं काय काम?"

साहेब माझ्यावर चिडले. "गेनू, समजाव त्यांना. अर्धा पेशंट काय कामाचा?"

माझं समजावणं म्हणजे आवाज चढवणं. आबा उठून चालायला लागला.

बायको कॅम्पच्या स्वयंपाकाला होती. तिनं आबाला चहा देऊन शाळेच्या पायरीवर बसवलं. दोन घोट झाल्यावर माझ्याकडं आली. "अवो, आबाला त्या चांगल्या डोळ्यात दिसाउजेडी काजवं चमकत्यात. काळं जाळंबी फिरतंय."

मी ते साहेबांना सांगितलं. साहेब खुर्चीतून उठलेच. "ही पडदा फाटायची खूण. आजच बघायला पाहिजे. तो सुटला तर आबा ठार आंधळा."

"पन त्यो दावंना," बायको म्हणाली. "दृष्ट तुमची लागनार ना? मग तुमचीच काढू."

"अहो बाई, हा रिसर्च आहे."

"असू द्या. त्यो दिवा तेवढा उतरवा डोक्यावरनं."

तिनं मीठ, मोहरी, मिरच्या मुठीत घेतल्या. सगळ्यांसमोर साहेबांवरून ओवाळल्या. "आल्यागेल्याची, शान्यासुरत्याची, डागदरची," म्हणत मूठ चुलीत रिकामी केली. मीठ तडतडलं. मिरच्यांचा ठसका काही आला नाही. ठसका नाही आला म्हणजे दृष्ट मोठी होती आणि ती जळाली, असं आमच्याकडं धरतात.

"लई जबर व्हती," आबा म्हणाला.

"माझी?" साहेब म्हणाले.

"न्हाईतर कुनाची?" असं म्हणून आबा स्वतःच येऊन बसला. "घाला ड्रॉप. पन लवकर आटपा, कांद्याला पानी द्यायचंय."

पडद्याला बारीक फाट होती, पण पडदा अजून जागेवर होता. दुपारीच जीपनं आबाला पुण्याला धाडलं. तिथं फाटीची जागा बाहेरून गोठवून चिकटवली. डोळा राहिला. पुढं आबा दौंडला आला तो पोतंभर कांदे घेऊन. बायकोला म्हणाला, "हे तुला." मला म्हणाला, "तू लई वरडतो."

मिरच्या तिनं चुलीत टाकल्याच नव्हत्या, पदराखाली ठेवल्या होत्या. मी विचारलं तर म्हणाली, "डोळ्याच्या रोग्यांत धूर करू व्हय?" संध्याकाळच्या आमटीत त्या मिळाल्या.

पेशंटवर ओरडून तपासणी होत नाही. पगार मी घ्यायचो, अक्कल तिची होती.

आबाला पुण्याला धाडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वडगाव रासाईला कॅम्प होता. मी जीपच्या पुढच्या सीटवरची साहेबांची बॅग उचलून मागं टाकली आणि बायकोला पुढं बसवलं. साहेब आले. त्यांनी तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि मागं चढले.