आम्ही लाभार्थी नव्हतो

पडद्यावर माझी आई होती. शिलाई मशीनवर वाकलेली, शेजारी मी. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'लाभार्थी'. पुढच्या चित्रात दादांचा भाचा, कोट घातलेला. त्याच्याखाली, 'संस्थापक'.

नव्या रायपुरातलं सभागृह. परदेशात शिकणाऱ्या मुलांसाठी करिअर आणि उद्योग मार्गदर्शनाचा कार्यक्रम. दादा माझे मार्गदर्शक. मी सुट्टीत घरी आले होते, तर त्यांनी मुद्दाम बोलावलं. आईलाही आणायला सांगितलं. मला वाटलं, कौतुक होणार. आई ठेवणीतली साडी नेसून आली होती.

तिनं माझा हात दाबला. "तुह्यं नाव कुठी हाय वं?"

ज्या हातमोज्याच्या कंपनीचा तो 'संस्थापक', तो हातमोजा आमचा होता. बाबा रायपूरच्या उरला औद्योगिक वसाहतीत, तापलेलं लोखंड लाटणाऱ्या रोलिंग मिलमध्ये कामाला. बाजारचे हातमोजे मनगटाशी घट्ट. ठिणगी आत शिरली की निघता निघत नाहीत. आईनं पंडरीच्या कापडबाजारातून जाड कापड आणून असा बेतला, की एका झटक्यात हातातून सुटावा. त्यावर धंदा कसा उभा करायचा, तो आराखडा मी परदेशातल्या विद्यापीठात तयार केला.

तिथल्या मार्गदर्शन कक्षानं हे दादा दिले. पुण्याचे. परक्या मुलखात मराठी कानावर पडली आणि मी विरघळले. रायपुरात आम्ही मराठीवाले, मराठी माणसांत हिंदीवाले. 'आपली' म्हणणारं कुणी भेटलं की जीव टाकतो. "मले नाही गं, मला," असं ते सुधारायचे. मी त्यालाही माया समजले. आडनाव विचारलं, ऐकून जरा थांबले. ते थांबणं आमच्या लोकांना लगेच कळतं. तरी वाटलं, शिकलेला माणूस आहे.

"विद्यार्थी व्हिसावर तुला धंदा करता येत नाही. तोवर आराखडा माझ्याकडे राहू दे," म्हणाले. पहिलं वाक्य खरं होतं. म्हणून दुसऱ्यावर विश्वास बसला.

मी उठून मंचावर गेले. "दादा, हे काय?"

ते हसले. हळूच म्हणाले, "गुंतवणूकदार आडनाव बघतात गं. गोष्ट तुमची, चेहरा त्याचा. तुमचंही भलंच होईल."

तुमचं! केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

मी माईक ओढून घेतला. सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत बोलले. "ये दस्ताना मेरी माँ ने बनाया है. योजना मेरी है. इनके भांजे का इसमें कुछ नहीं."

"दीदी, आप बैठ जाइए," सूत्रसंचालक म्हणाली. बसले नाही. खाली आईही उभी राहिली.

दादा पुटपुटले, "घरातली गोष्ट चारचौघांत काढतात का?"

घर? यांच्या घराचा उंबरा आम्ही कधी पाहिला?

नातेवाईक म्हणाले, मोठा माणूस आहे, मिटवून घे. मी मिटवलं नाही. विद्यापीठात त्याच्या नावानिशी तक्रार दिली आहे. शिक्षण पुरं करून उरल्यातच कंपनी काढणार, आईच्या आणि माझ्या नावावर. कुणी मदत करो, न करो. बुडाली तर आमची बुडेल. पण त्याच्या भाच्याच्या नावानं एक हातमोजा विकू देणार नाही.